झाड विका, पण पाण्याचा हिशोबही द्या

आमच्या लहानपणी घरोघरी खिडकीत हॉर्लिक्सची रिकामी बाटली असे आणि त्या बाटलीत मनी प्लॅंटची एक फांदी. कुणी विकत आणलेली नसे. शेजारणीकडून मागून आणायची, पाण्यात ठेवायची, झाले. आता तीच फांदी व्यापाराची वस्तू झाली आहे. ठाणे असो, मुंब्रा असो, डोंबिवली किंवा कल्याण असो, नर्सरीत, भेटवस्तूंच्या दुकानात, इतकेच काय स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरही काचेच्या बाटलीत, पाण्यात उभी असलेली झाडे विकायला असतात. डॉक्टरच्या टेबलावर एक, वकिलाच्या टेबलावर एक आणि आमच्यासारख्या कापडवाल्याच्या गल्ल्याशेजारी एक.

या धंद्याविषयी आज दोन शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. आम्ही काही बागकामातले जाणकार नव्हे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि मराठी आम्ही गिऱ्हाइकांकडून, दुकानाच्या गादीवर बसून शिकलो. परंतु तीस वर्षे माल विकल्यानंतर माल विकणे म्हणजे काय, एवढे तरी आम्हांस कळते. बाटलीतल्या झाडाचा धंदा चांगला आहे, आपल्या घरच्या स्त्रियांनी आणि लहान दुकानदारांनी तो जरूर करावा, असे आमचे मत आहे. मात्र तो करताना विकणाऱ्याने केवळ झाडाची नव्हे, तर ज्या पाण्यात ते झाड उभे आहे त्या पाण्याचीही जबाबदारी घेतली पाहिजे. ही गोष्ट आम्हांला पुस्तकातून समजली नाही. ती आमच्याच दुकानात घडली, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली.

हा माल आपल्याकडे का खपतो?

पहिले कारण जागा. कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका किंवा डोंबिवलीच्या जुन्या चाळी पाडून उभ्या राहिलेल्या इमारती, कोठेही पाहा. दोन खोल्यांत सहा-सात माणसे. गॅलरी असली तरी ती आत घेऊन खोलीला जोडलेली. मातीच्या कुंडीला तेथे जागा कुठे? कुंडी खिडकीच्या जाळीत ठेवली तर पाणी घातल्याबरोबर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचे पाणी पडते आणि सोसायटीत भांडण सुरू होते. कुंडी जड असते. भाड्याच्या घरात अकरा महिन्यांनी सामान उचलायचे झाले की ती मागेच राहते.

बाटलीचे तसे नाही. माती नाही, चिखल नाही, गळती नाही. दोन दिवस गावी गेले तरी झाड सुकत नाही. फ्रिजवर, शिवणयंत्राशेजारी, दुकानाच्या काउंटरवर कुठेही बसते. घर बदलले तर पाणी ओतून टाकावे आणि फांदी ओल्या कपड्यात गुंडाळून न्यावी. शहरातल्या गरिबाला हिरवे पान पाहायला मिळण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

मातीशिवाय झाड जगते कसे?

गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतेच आणि विकणाऱ्याला उत्तर देता आले पाहिजे. माती झाडाला चार गोष्टी देते: उभे राहायला आधार, पाणी, मुळांना हवा आणि पाण्यात विरघळलेले क्षार. या चार गोष्टी दुसऱ्या मार्गाने मिळाल्या तर मातीची गरज उरत नाही. १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड या विद्वानाने पुदिन्याची रोपे वेगवेगळ्या पाण्यात वाढवून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पावसाच्या स्वच्छ पाण्यात पुदिना कमी वाढला, थेम्स नदीच्या पाण्यात जास्त, आणि ज्या पाण्यात बागेची माती कालवली होती त्यात सर्वांत जास्त. म्हणजे झाड नुसते पाणी पीत नाही, पाण्यात विरघळलेले काहीतरी खाते. ते काय, याचा हिशोब १८६० च्या सुमारास सॅक्स आणि नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडला. पुढे कॅलिफोर्नियात गेरिक यांनी पाण्यावर टोमॅटोचे उंच वेल वाढवून दाखविले आणि या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले. आपल्या देशातही १९४६ साली बंगालमध्ये, दार्जिलिंगजवळच्या कालिम्पाँगला, शाल्टो डग्लस यांनी साध्या साधनांनी बिनमातीची शेती करण्याचे प्रयोग सुरू केले होते. तेव्हा ही काही कालपरवाची फॅशन नव्हे.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. मनी प्लॅंट, सिंगोनियम, स्पायडर प्लॅंट, कोलियस आणि घरचा पुदिना, ही पाण्यात सहज मुळे धरतात. फांदी कापताना पेराच्या खाली कापावी, कारण मूळ पेरातूनच फुटते. पेर नसलेले नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर ते काही दिवस हिरवे दिसेल, पण त्यातून मनी प्लॅंटचा वेल कधीही निघणार नाही. अशी पाने विकणारे आम्ही पाहिले आहेत. कापडाच्या धंद्यात अर्ज कमी असलेले थान पूर्ण म्हणून देण्यासारखेच ते आहे.

पाण्याखाली जाणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजतात आणि पाणी नासवतात. मुळे पाण्यात बुडवावीत, पण त्यांचा वरचा थोडा भाग हवेत राहू द्यावा. मातीतून उपटलेल्या रोपाची मुळे पाण्यात पुष्कळदा कुजतात, म्हणून फांदीपासून सुरुवात करणे बरे. नळाचे पाणी रात्रभर कपड्याने झाकून ठेवले की त्यातली क्लोरीन बरीचशी उडून जाते. काचेच्या पारदर्शक बाटलीत उजेड गेला की आतून हिरवे शेवाळ धरते. त्यासाठी आम्ही एक युक्ती केली, ती म्हणजे दुकानातल्या कात्रणांचा एक पट्टा बाटलीभोवती गुंडाळला. शेवाळ थांबले आणि बाटली दिसायलाही चांगली झाली.

नुसत्या नळाच्या पाण्यात झाड जगते, पण हळूहळू फिके पडते. नाशिककडचे द्राक्षवाले वापरतात ते पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत महिन्यातून एकदा अगदी चिमूटभर, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथाईने, दिले तरी पुरते. जास्त दिले तर मुळे जळतात.

धंद्याचा हिशोब

भांडवल फारसे लागत नाही, हे खरे. बाटल्या भंगारवाल्याकडून घेता येतात. फांद्या एका मोठ्या वेलापासून मिळत राहतात. मात्र लोक म्हणतात तसा हा फुकटचा पैसा नाही. उष्ण दिवसांत मनी प्लॅंट दहा-पंधरा दिवसांत मूळ धरतो, परंतु विकण्याजोगी मुळे यायला तीन-चार आठवडे जातात. तोपर्यंत माल घरातच पडून असतो.

समजा, एखाद्या बहिणीने घरी शंभर बाटल्या लावल्या. प्रत्येकीत अर्धा लिटर पाणी. आठवड्याला पाणी बदलायचे म्हणजे पन्नास लिटर, महिन्याला दोनशे लिटर. ज्या वस्तीत पाणी ठरावीक वेळेलाच येते तेथे पन्नास लिटर ही लहान गोष्ट नाही. एका बाटलीला धुण्यापुसण्यासह दोन मिनिटे धरली तरी आठवड्याला तीन तासांवर वेळ गेला. ही मजुरी कुणी धरतच नाही! म्हणूनच पहिल्या महिन्यात हौसेने पाणी बदलले जाते, दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो आणि तिसऱ्या महिन्यात नुसते वरून पाणी घातले जाते. येथेच सगळा घोटाळा आहे. आमच्या दुकानातही हेच झाले.

आमच्या गल्ल्याशेजारची बाटली

२०१९ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या कल्याणच्या दुकानात गल्ल्याशेजारी मनी प्लॅंटची एक मोठी बाटली होती. एका गिऱ्हाइकाने ईदला भेट दिलेली. वेल वाढत वाढत मागच्या कपाटावर चढला होता. येणारा-जाणारा कौतुक करी आणि आम्हीही खूष होतो. पाणी कमी झाले की पिण्याच्या लोट्यातून वरून ओतायचे, एवढीच आमची निगा.

दुकानात तेव्हा मुरबाड तालुक्यातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा कामाला होता. हुशार, तागा उलगडण्यात हात बसलेला. गल्ल्याशेजारी, त्या बाटलीच्या अगदी जवळ, तो दिवसभर उभा असे. एका सोमवारी अंग दुखते म्हणून तो लवकर गेला. चौथ्या दिवशी त्याला इस्पितळात ठेवल्याचे कळले. डेंग्यू. प्लेटलेट घसरत चालल्या होत्या. त्याची आई गावाहून आली. इस्पितळाच्या जिन्यात तिने आमच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "शेठ, मला हा एकच आहे."

दोन दिवसांनी पालिकेच्या आरोग्य खात्याच्या एक ताई आमच्या गल्लीत तपासणीला आल्या. पाण्याचा पिंप पाहिला, माळा पाहिला. मग बॅटरीचा उजेड त्यांनी सरळ गल्ल्याशेजारच्या बाटलीवर टाकला. बाटली जरा हलवली आणि म्हणाल्या, "चाचा, ही बाटली शेवटची कधी धुतली होती?" आम्ही वाकून पाहिले. मुळांच्या जाळ्यात काळसर, बारीक अळ्या वर-खाली वळवळत होत्या. एक-दोन नव्हे, पुष्कळ. आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. त्या पाण्यावर आम्ही रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून दुकान उघडत होतो.

तो मुलगा बरा झाला, अल्लाहचा शुक्र आहे. इस्पितळाचे बिल आम्ही भरले. त्याला चावलेला डास आमच्याच बाटलीतला होता की आणखी कुठला, हे छातीठोकपणे कोण सांगणार? कुणीतरी आम्हांला धीर देत म्हणाले, "सगळ्या गल्लीतच डास आहेत, तुम्ही का मनाला लावून घेता?" परंतु जो हिशोब आपल्याला मनातून ठाऊक असतो तो दुसऱ्याच्या सांगण्याने मिटत नाही. तो मुलगा पुन्हा दुकानात आला नाही. त्याच्या आईने त्याला गावीच ठेवून घेतले. तिला दोष द्यावा असे आम्हांस कधी वाटले नाही.

हा डास गटारातला नव्हे

आपल्या लोकांत एक मोठा गैरसमज आहे की डास म्हणजे गटार, डास म्हणजे घाण. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरविणारा एडिस इजिप्ती डास घरातल्या, दुकानातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. तो दिवसा चावतो. म्हणजे नेमका दुकान उघडे असते त्या वेळी. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात.

आणखी एक गोष्ट आम्हांला त्या ताईंनी सांगितली आणि ती प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. या डासाची मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, बाटलीच्या ओल्या भिंतीवर चिकटवते. ती अंडी सुकली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी वर चढले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणजे आम्ही वरून पाणी ओतत होतो, तेव्हा झाडाची निगा राखत नव्हतो, डासांच्या अंड्यांना पाणी पाजत होतो!

म्हणून नुसते पाणी बदलणे पुरेसे नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. आम्ही जुम्म्याची सकाळ ठरविली आहे. त्या दिवशी बाटली पूर्ण रिकामी करावी, आतून ब्रशने घासावी, मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि मग ताजे पाणी भरावे. काढलेले पाणी साठवून न ठेवता मातीच्या कुंडीत ओतावे किंवा फरशी धुवायला वापरावे. बाटलीच्या तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा फांदीभोवती घेऊन रबराने घट्ट बांधावा. फट राहिली तर कापसाचा बोळा लावावा. आमच्यासारख्या कापडवाल्यांकडे अशा जाळीचे तुकडे कटपिसात पडूनच असतात. एका वार जाळीत कितीतरी बाटल्यांची तोंडे झाकली जातात. जाळी बांधलेली बाटली दोन रुपये जास्त घेऊन विकली तर गिऱ्हाईक नाही म्हणणार नाही.

परदेशातला एक धडा

कुणी म्हणेल, एका बाटलीने असे काय होणार? त्याला आम्ही अमेरिकेतला एक व्यापारी किस्सा सांगतो. 'लकी बांबू' नावाची झाडे आपण सर्वांनी पाहिली आहेत. नावात बांबू असला तरी तो बांबू नव्हे. ते ड्रॅसिना जातीचे आफ्रिकेतले झाड आहे आणि त्याचा माल मुख्यतः चीन व तैवानमधून जगभर जातो. पूर्वी हा माल विमानाने कोरडा जात असे. मागणी वाढली तसे व्यापाऱ्यांनी खर्च वाचविण्यासाठी तो जहाजाने, कंटेनरमध्ये थोडे थोडे पाणी ठेवून पाठविण्यास सुरुवात केली. २००१ साली लॉस एंजेलिसला असे कंटेनर उघडले तर आतून डास बाहेर आले. टायगर मॉस्किटो म्हणतात तो, डेंग्यू पसरविणाऱ्या एडिसचाच भाऊबंद. पुढे तिथल्या घाऊक व्यापाऱ्यांच्या नर्सऱ्यांतही तो सापडला. अखेर अमेरिकी सरकारने पाण्यात उभा करून लकी बांबू आणण्यास बंदी घातली. २००५ मध्ये हॉलंडमध्येही लकी बांबू आणणाऱ्यांच्या काचघरांत हाच डास आढळला.

यात शिकण्यासारखे काय? झाडात काही खोट नव्हती. खोट होती ती पाण्यात, आणि भाडे वाचविताना त्या पाण्याचा विचार कुणी केला नाही. वाचविलेल्या भाड्यापेक्षा किती तरी जास्त नुकसान सगळ्या धंद्याला सोसावे लागले.

इतके लांब जायचीही गरज नाही. कल्याणजवळ मोहने भागात उल्हास नदीचे पात्र जलपर्णीने हिरवेगार झालेले आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ती जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची जांभळी फुले सुंदर दिसतात म्हणून कुणीतरी हौसेने तिला हिंदुस्थानात आणले. नदीत सांडपाणी सोडले जाते, त्या पाण्यात भरपूर खाद्य मिळते आणि ती पसरत जाते. आजही काही ठिकाणी काचेच्या भांड्यात तरंगणारी अशी झाडे विकली जातात. ती विकू नयेत, आणि घरी असतील तर नदीत, खाडीत किंवा तलावात टाकू नयेत, सुकवून कचऱ्यात द्यावीत, अशी आमची विनंती आहे.

खोटे सांगून विकू नका

आता थोडे कडू बोलणे भाग आहे. या मालाचा खप पुष्कळसा खोट्या बोलीवर चालतो. लकी बांबूच्या तीन दांड्या घेतल्या तर सुख, पाच घेतल्या तर आणखी काही. मनी प्लॅंट लावला की पैसा येतो, आणि तोही चोरून आणलेला असेल तर लवकर येतो! चोरीच्या फांदीने घरात बरकत येते, हे ऐकून एखाद्या इमानदार दुकानदाराला हसू आले पाहिजे. बरकत हलाल कमाईत असते, बाटलीत नसते. आपल्यापैकी काही जण स्वतः यावर विश्वास ठेवत नाहीत, पण गिऱ्हाइकाचा विश्वास आहे तर आपले काय जाते, असे म्हणून तसेच विकतात. हे योग्य नाही.

दुसरी बोली हवा शुद्ध होण्याची. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत झाडे ठेवून काही प्रयोग केले होते, त्याच्या जोरावर ही बोली जगभर चालते. परंतु आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला. खिडकी-दारांतून हवा खेळते त्याने जेवढा फरक पडतो तेवढा फरक झाडांनी पडायचा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा, आणि कदाचित शेकड्यांनी झाडे लागतील, असे त्यांना आढळले. दोन खोल्यांच्या घरात मग माणसांनी राहायचे कुठे? तेव्हा हवा शुद्ध होते असे सांगून बाटली विकण्याऐवजी, डोळ्यांना बरे वाटते असे सांगून विकावी. ते खरे आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

मनी प्लॅंटचे पान चावल्यास तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजते, कारण त्यात सुईसारखे बारीक खडे असतात. लहान मूल किंवा बकरी असलेल्या घरात बाटली उंचावर ठेवायला सांगावी. माल विकताना त्यातला ऐब लपवू नये, तो गिऱ्हाइकाला दाखवून द्यावा, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे. झाडाच्या बाबतीत तो नियम बदलत नाही.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

वाचकांपैकी काही जण म्हणतील, मच्छरांचे सारे खापर एका शोभेच्या बाटलीवर का फोडता? पाणी रोज नियमित येत नाही म्हणून लोक पिंप भरून ठेवतात. पंक्चरवाल्यांकडे टायरांचे ढीग असतात. भंगाराच्या दुकानात पावसाचे पाणी साठते. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीला झाकण नसते. मातीच्या कुंडीखालच्या बशीतही पाणी असतेच.

हा आक्षेप अगदी रास्त आहे. पाण्याचे पिंप ही आपल्या वस्त्यांतली मजबुरी आहे, आणि ज्या दिवशी नळाला रोज पुरेसे पाणी येईल त्या दिवशी निम्मे पिंप आपोआप रिकामे होतील. त्यासाठी पालिकांकडे मागणी करीत राहिले पाहिजे. टायर आणि भंगाराच्या धंद्यात आपले पुष्कळ भाऊ आहेत, त्यांनीही माल छपराखाली किंवा ताडपत्रीखाली ठेवावा. मोठ्या टाकीत आणि हौदात गप्पी मासे सोडता येतात. परंतु पिंप ही गरज आहे आणि बाटली ही हौस आहे. गरजेपायी झालेल्या चुकीला कुणी माफ करील. हौसेपायी शेजाऱ्याच्या घरात आजार गेला तर आपण काय उत्तर देणार? शिवाय पिंपाला निदान झाकण ठेवण्याची सवय आपल्याला आहे. बाटलीकडे तर आपण धोका म्हणून पाहतच नाही. आम्ही पाहिले नव्हते.

एक लहानशी चिठ्ठी

म्हणून या धंद्यात असलेल्या आणि येऊ इच्छिणाऱ्या सर्व भाऊ-बहिणींना आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधावी. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. तीवर चारच ओळी असाव्यात: दर आठवड्याला पूर्ण पाणी बदला. बाटली आतून घासा. तोंडावर जाळी बांधा. पान तोंडात घालू नका. आणि चिठ्ठी देताना तोंडानेही सांगावे, कारण आपल्याकडे पुष्कळ गिऱ्हाइके चिठ्ठी वाचत नाहीत, पण दुकानदाराचे बोलणे ऐकतात.

असे सांगितल्याने गिऱ्हाईक घाबरून जाईल, अशी भीती काहींना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. कापड धुतल्यावर किती आटेल हे जो दुकानदार आधीच सांगतो त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. जो सांगत नाही त्याच्याकडे ते भांडायला येते.

आमच्या गल्ल्याशेजारी आजही मनी प्लॅंटची बाटली आहे. ती फेकून द्यावी असे तेव्हा मनात आले होते. मग विचार केला की फेकली तर आम्ही काही शिकलो नाही असे होईल. तिला आता हिरव्या पॉपलिनचा पट्टा आहे, तोंडाला जाळी आहे आणि शेजारी एक लांब दांड्याचा ब्रश ठेवलेला आहे. दर जुम्म्याला ती आम्ही स्वतः घासतो, नोकराला सांगत नाही. मुरबाडचा तो मुलगा गेल्या वर्षी लग्नाचे कापड घ्यायला आपल्या आईसह दुकानात आला होता. कपडे बांधून झाल्यावर त्या बाईंनी बाटलीकडे बोट दाखवून विचारले, "अजून ठेवलीत का, शेठ?" आम्ही ब्रश दाखविला. त्यांनी जाळी हाताने चाचपून पाहिली आणि मगच पिशवी उचलली.